होळी ते वळीव: वसंतातली फुलपाखरं आणि पतंग कसे पाहावेत

फुलपाखरं पाहायची ती पावसाळा सरल्यावर, असं आपल्याकडे जवळजवळ ठरून गेलं आहे. सप्टेंबर-ऑक्टोबरात टेकड्यांवर कॅमेरे दिसतात आणि दिवाळी झाली की ते कपाटात जातात. नुसती संख्या हवी असेल तर तेच महिने चांगले, यात वाद नाही. पण कुणी नवखं माणूस शिकायचं म्हणून विचारतं, तेव्हा मी त्याला होळीच्या सुमारास बाहेर पडायला सांगते. तेव्हा सगळं रान हिरवं नसतं. ओल चार ठिकाणीच उरलेली असते, पालवी ठरावीक झाडांनाच फुटलेली असते, सावलीही मोजकीच. त्यामुळे फुलपाखरू कुठे असेल याचा अंदाज बांधता येतो, आणि अंदाज चुकला तर का चुकला हेही कळतं.

हा लेख पुण्याभोवतीच्या पानगळीच्या टेकड्या डोळ्यांसमोर ठेवून लिहिला आहे, कारण माझं चालणं तिथलं. कोकणातल्या, विदर्भातल्या, गोव्यातल्या वाचकांना यातली बहुतेक झाडं दारातच भेटतील. पालवी आणि फुलोऱ्याच्या तारखा तेवढ्या थोड्या मागेपुढे धराव्यात.

आधी झाडं धरा

पहिल्या दिवशी फुलपाखरांचं पुस्तक उघडू नका. घरापासून एक किलोमीटरच्या आत पाच झाडं शोधा: कढीपत्ता किंवा लिंबू, बहावा, करंज, आंबा आणि रुई. शहरातसुद्धा ही पाचही सापडतात. फुलपाखराची मादी अंडी कुठेही घालत नाही. तिच्या अळीला चालेल अशी एखाद-दुसरी वनस्पतीच ती निवडते आणि पायांनी पानाची चव घेऊन खात्री करून घेते. म्हणून झाड ओळखता आलं की निम्मं काम झालं.

कढीपत्त्यापासून सुरुवात करा, कारण तो कुंडीतही असतो. कोवळ्या पानावर मोहरीएवढं पिवळसर गोल अंडं दिसलं, तर ते बहुधा लाइम बटरफ्लाय किंवा कॉमन मॉर्मन या फुलपाखराचं. त्यातून निघणारी अळी सुरुवातीला अगदी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते. तपकिरी, मधे पांढरा डाग, वर ओलसर चमक. अनेक जण तिला खरंच विष्ठा समजून पान पुसून टाकतात. चार वेळा कात टाकून झाली की तीच अळी हिरवीगार होते. तिला हलकेच डिवचलं तर डोक्यामागून दोन मऊ, नारिंगी-तांबडी शिंगं बाहेर येतात आणि उग्र वास सुटतो. एकदा पाहिलंत तेवढं पुरे, पुन्हा पुन्हा डिवचू नका. त्यात तिची ताकद जाते. पुढे ती एखाद्या काडीला रेशमी धाग्याचा कमरपट्टा बांधून कोष करते. काडी हिरवी असेल तर कोष बहुतेक हिरवा होतो, वाळकी असेल तर तपकिरी. अंड्यापासून फुलपाखरापर्यंतचा सगळा प्रवास उन्हाळ्यात महिन्याभराच्या आत आटोपतो. शाळेतल्या मुलांना परीक्षेच्या दिवसांत रोज पाच मिनिटं पाहायला याहून चांगलं काही मला ठाऊक नाही.

महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू म्हणजे नीलवंत, इंग्रजीत ब्लू मॉर्मन. तेही याच लिंबू कुळातल्या झाडांवर वाढतं. २०१५ साली त्याची निवड झाली आणि असं राज्य फुलपाखरू ठरवणारं महाराष्ट्र हे देशातलं पहिलं राज्य ठरलं. काळ्या मखमलीवर निळ्या पट्ट्यांचे, तळहाताहून रुंद पंख पसरून ते आमराईतून जातं, तेव्हा ते ओळखायला पुस्तक लागत नाही.

बहाव्याची पालवी एप्रिलच्या आसपास फुटते. फिकट पोपटी पानांवर कॉमन एमिग्रंटच्या माद्या घिरट्या घालताना दिसतील. त्यांची अंडी उभी, भाताच्या बारीक दाण्यासारखी टोकदार. एका डहाळीवर पाच-सहा मिनिटं नजर ठेवा. मादी पानावर क्षणभर टेकते, शेपटाचं टोक वाकवते, उडते. ती जिथे टेकली ते पान लगेच उलटून पाहा.

करंजाची जुनी पानं झडून लखलखीत नवी पानं येतात ती मार्च-एप्रिलात. कॉमन बँडेड ऑलच्या अळ्या ही पालवी कधी कधी इतकी खातात की झाड चाळणीसारखं दिसतं. लोक घाबरून फवारणी करायला निघतात. करू नका. करंज पुन्हा पालवतो. मी दरवर्षी पाहते. प्रौढ ऑल तपकिरी, अतिशय वेगवान, आणि पानाच्या खालच्या बाजूला लपून बसणारं. त्याच झाडावर कॉमन सेरुलियन नावाचं फिकट निळं, नखाएवढं फुलपाखरूही कळ्यांभोवती फिरत असतं.

आंब्याकडे दोन कारणांसाठी पाहायचं. पहिलं म्हणजे कॉमन बॅरनची अळी. ती जून पानाच्या मध्यशिरेवर सरळ लांब पडून राहते. तिच्या पाठीवरून जाणारी फिकट रेघ मध्यशिरेशी तंतोतंत जुळते आणि अंगाच्या दोन्ही बाजूंना पिसासारखे काटे पानावर पसरलेले असतात. माझ्या डोळ्यांना पहिली अळी दिसायला दोन वर्षं लागली. ती दिसल्यावर त्याच फांदीवर आणखी तीन दिसल्या. दुसरं कारण म्हणजे आंब्यावर वाढणारं बांडगूळ. बागायतदार ते कापतात आणि त्यांचं नुकसान खरं आहे, पण जिथे कुणाचं पीक नाही तिथलं बांडगूळ राहू द्यावं. कारण हळदीकुंकू नावाचं फुलपाखरू, म्हणजे कॉमन जेझेबेल, त्यावरच वाढतं. पंख मिटल्यावर खालच्या बाजूचा पिवळा रंग आणि कडेचे तांबडे ठिपके पाहिले की नाव कुणी आणि का ठेवलं ते विचारावं लागत नाही. ते उंच उडतं, म्हणून खालून पाहणाऱ्याला हीच बाजू दिसते. त्याच्या अळ्या एकटीदुकटी राहत नाहीत. घोळक्याने खातात आणि धक्का लागला तर धाग्याला लटकून खाली उतरतात.

रुई तर पडीक जमिनीत, रस्त्याकडेला, कुठेही. पानाखाली काळ्या-पांढऱ्या-पिवळ्या पट्ट्यांची, पाठीवर काळ्या दोऱ्यांच्या तीन जोड्या असलेली अळी दिसली तर ती प्लेन टायगरची. रुईचं विष तिच्या अंगात साठतं आणि फुलपाखरातही उतरतं, म्हणून ते निवांत, संथ उडतं. नवख्याला सराव करायला याहून सोयीचं फुलपाखरू नाही. रुईचा चीक मात्र डोळ्यांत जाऊ देऊ नका; पान हाताळलंत तर हात धुवा.

ही पाच झाडं ओळखीची झाली की यादी आपोआप वाढते. खोट्या अशोकावर आणि सीताफळावर टेल्ड जे, चिंचेवर ब्लॅक राजा, एरंडावर कॉमन कॅस्टर, पानफुटीवर रेड पिएरो, बोरीवर कॉमन पिएरो, वाघाटीवर कॉमन वाँडरर आणि ग्रेट ऑरेंज टिप. कण्हेरीच्या आणि वडा-उंबराच्या पानांखाली कॉमन क्रोचा कोष लटकलेला मिळाला तर क्षणभर थांबाच. तो आरशासारखा चकाकतो. इतका की पहिल्यांदा पाहणाऱ्याला कुणीतरी चांदीचा डूल अडकवला आहे असं वाटतं.

एक फेरी, दर आठवड्याला

दर रविवारी नवी जागा पाहण्यापेक्षा एकच वाट धरा. अर्धा किलोमीटर पुरते. तिच्यात थोडी सावली, थोडं ऊन, शक्य तर थोडी ओल असावी. पुण्यात वेताळ टेकडीवरच्या खाणीत उन्हाळ्यातही पाणी राहतं, त्यामुळे तिच्या कडेची वाट मला सोयीची पडते. मुंबईकरांना बोरिवलीचं संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आहे, ठाण्यात घोडबंदर रस्त्याजवळची ओवळेकर वाडी आहे, नागपुरात अंबाझरी आणि गोरेवाडा. सिंधुदुर्गात आंबोलीच्या पायथ्याचं पारपोली तर फुलपाखरांचं गाव म्हणूनच ओळखलं जातं. पण खरं सांगायचं तर सोसायटीच्या मागचा ओढा आणि एखादी दुर्लक्षित बाग यांनीही काम भागतं.

वाटेवर सावकाश चालायचं, दोन्ही बाजूंना अडीच-अडीच मीटर आणि समोर पाच मीटर एवढ्याच पट्ट्यातली फुलपाखरं मोजायची. ब्रिटनमध्ये १९७६ पासून याच पद्धतीने नियमित मोजणी चालू आहे. पट्टा ठरलेला असला की या आठवड्याची आणि मागच्या आठवड्याची तुलना करता येते. दूरवर काहीतरी निळं चमकलं तरी ते मोजणीत धरायचं नाही. हे सुरुवातीला फार जिवावर येतं.

वेळ महत्त्वाची. फुलपाखराचं रक्त थंड. सकाळी पंख उघडून अंग तापवल्याशिवाय त्याला नीट उडता येत नाही. मार्चमध्ये साडेआठ ते अकरा हा काळ उत्तम. सुरुवातीला ती उन्हात पसरून बसतात, तेव्हा पंखांची वरची बाजू पाहून घ्यावी. एप्रिलमध्ये अर्धा तास आधी निघा. दुपारी बारा ते साडेतीन फुलपाखरंही सावलीला जातात, आपणही जावं. चारनंतर पुन्हा हालचाल सुरू होते, आणि दिवेलागणीला कॉमन ईव्हनिंग ब्राउन पाचोळ्यातून उठतं.

सामान थोडं ठेवा. वही, पेन्सिल, दीड-दोन लिटर पाणी, टोपी, मळक्या रंगाचे पूर्ण बाह्यांचे कपडे. अंडी पाहायला दहापटीचं भिंग अतिशय उपयोगी आणि ते फारसं महाग नसतं. दुर्बीण घ्यायचीच असेल तर दुकानात एकच गोष्ट तपासा: दोन मीटरच्या आतल्या वस्तूवर ती फोकस होते का. पक्ष्यांसाठीच्या अनेक दुर्बिणी इथेच नापास होतात. फोटोला मोबाइल चालतो.

कुठे थांबायचं

वसंतात फुलपाखरांना चार गोष्टी ओढून आणतात, त्यातली पहिली ओल. ओढ्याचा चिखल, नळाखालची गळती, गुरांच्या मुताने भिजलेली माती. तिथे बसलेली बहुतेक फुलपाखरं नर असतात. मधात साखर असते, पण क्षार फारसे नसतात. ते त्यांना चिखलातून शोषावे लागतात. मिलनाच्या वेळी हेच क्षार मादीकडे जातात आणि अंड्यांना उपयोगी पडतात. याला चिखलपान म्हणतात. एकमेकांना खेटून बसलेले एमिग्रंट, ग्रास यलो, कॉमन जे, आणि नशीब असेल तर मधेच पंख थरथरवणारा नीलवंत, असं दृश्य मार्च-एप्रिलात मिळतं. जवळ जायची घाई करू नका. चार मीटरवर बसा. ती शोषण्यात रमली की गुडघ्यांवर पुढे सरका, आपली सावली त्यांच्यावर पडणार नाही अशा बाजूने. एकदा रमली की ती हातभर अंतरावरही हलत नाहीत.

या काळातलं खास फुलपाखरू म्हणजे स्पॉट सोर्डटेल. पांढऱ्या पंखांवर काळे पट्टे, मागे तलवारीसारखी लांब शेपटी. वर्षातला बहुतेक काळ ते कोषात काढतं आणि ऐन उन्हाळ्यात, पावसाआधीच्या थोड्या आठवड्यांत उडतं. पानगळी जंगलातल्या ओढ्यांवर ते थव्याने चिखलपान करतं. ऑक्टोबरात कितीही फिरलात तरी ते भेटायचं नाही. केवळ एवढ्यासाठीसुद्धा वसंतात बाहेर पडावं असं मला वाटतं.

दुसरी ओढ फुलांची. पळस, पांगारा, काटेसावर ही वसंताची मोठी फुलं पक्ष्यांची म्हणून प्रसिद्ध. फुलपाखरांसाठी त्यांच्याखाली फार वेळ घालवू नका. त्यांच्यापेक्षा करवंदीच्या जाळीशी थांबा. मार्चमध्ये ती पांढऱ्या, सुवासिक फुलांनी भरते. जांभूळ, उक्षी, आणि रस्त्याकडेची घाणेरी हीही थांबण्याची ठिकाणं. घाणेरी बाहेरून आलेली आणि त्रासदायक आहे, पण उन्हाळ्यात तिच्या फुलांवर गर्दी होते हे नाकारता येत नाही.

तिसरी ओढ आंबलेल्या गोडाची. राजा, नवाब, बॅरन, बॅरोनेट या नावांच्या फुलपाखरांपैकी बरीच फुलांकडे ढुंकून पाहत नाहीत. त्यांना झाडाच्या जखमेतून वाहणारा रस, पडून सडलेली फळं, अगदी जनावरांची विष्ठाही हवी असते. स्वतःच्या अंगणात काळी पडलेली केळी आणि चमचाभर गूळ कालवून ताटलीत, सावलीत ठेवा. दोन दिवस आंबू द्या. राखीव जंगलात मात्र असलं काही टाकायचं नाही.

चौथी जागा टेकडीचा माथा. नर फुलपाखरं सकाळी दहाच्या पुढे माथ्यावर जमतात, ठरावीक झुडपाचा शेंडा धरतात आणि तिथून येणाऱ्याजाणाऱ्याचा पाठलाग करतात. चतुर, मधमाशी, दुसरा नर, कुणीही. ते उडालं की मागे धावू नका. शेंड्यापाशीच उभे राहा. मिनिटभरात ते परत तिथेच येऊन बसतं.

नाव शोधण्याआधी काय पाहायचं

भारतात फुलपाखरांच्या १,३०० हून अधिक प्रजाती आहेत, पण त्या सहा कुळांत बसतात आणि आपल्या वाटेवर त्यातली पाचच भेटतील. आधी कूळ ओळखायला शिका. मोठं, फुलावर बसूनही पंख फडफडत ठेवणारं, अनेकदा शेपटीवालं ते पुच्छ फुलपाखरांचं कूळ. पांढरं-पिवळं, मध्यम, ते पिवळ्यांचं. नखाएवढं, पंखांची खालची बाजू बारीक ठिपक्या-रेषांची, ते निळ्यांचं. जाडजूड अंगाचं, झटकन सुटणारं, मिशांच्या टोकाला आकडा असलेलं ते स्किपर. आणि उरलेलं मोठं कूळ कुंचलपादांचं. यांचे पुढचे दोन पाय आखडून कुंचल्यासारखे झालेले असतात. फुलपाखरू चारच पायांवर उभं दिसलं की ते याच कुळातलं. फोटोत पाय मोजायची सवय लावून घ्या.

फोटो दोन हवेत: पंखांची वरची बाजू आणि खालची बाजू. निळ्यांच्या बाबतीत वरची बाजू जवळजवळ निरुपयोगी असते, ओळख खालून पटते. प्लेन टायगरचा मागचा पंख नीट दिसला तर नर-मादीही सांगता येते. नराच्या पंखाच्या मध्यावर चार काळे ठिपके, मादीच्या तीन. कॉमन मॉर्मनच्या मादीत मात्र हमखास फसायला होतं. तिचं एक रूप नरासारखं, दुसरं ‘कॉमन रोज’ या फुलपाखरासारखं, तिसरं ‘क्रिमसन रोज’सारखं. ही ‘रोज’ फुलपाखरं सापसंदीच्या वेलीवर वाढतात आणि विषारी असतात. मॉर्मनची मादी त्यांचा पेहराव उसना घेते. फरक अंगात बघायचा. ‘रोज’चं अंग तांबडं, मॉर्मनचं काळं.

वसंतात आणखी एक गोष्ट पुस्तकाशी जुळत नाही आणि नवखे गोंधळतात. पीकॉक पॅन्सीच्या पावसाळी फुलपाखरांवर खालच्या बाजूला मोठे डोळे असतात. कोरड्या ऋतूत जन्मलेल्यांवर ते पुसट होतात, पंखांची टोकं कोनदार होतात आणि मिटलेलं फुलपाखरू हुबेहूब वाळकं पान दिसतं. ईव्हनिंग ब्राउनचंही तसंच. हिरव्या रानात डोळे वटारून शत्रूला चकवता येतं, पाचोळ्यात लपूनच राहावं लागतं. मार्चमधला एक फोटो जपून ठेवा आणि ऑगस्टमध्ये त्याच वाटेवर काढलेल्या फोटोशेजारी लावा.

पतंग: दिवसा

पतंग म्हणजे रात्रीचा आणि मळकट, हा समज पहिल्याच आठवड्यात सोडावा लागतो. फुलपाखराच्या मिशीला टोकाशी गाठ असते. पतंगाची मिशी दोऱ्यासारखी किंवा पिसासारखी असते. ही खूण बहुतेक वेळा पुरते. प्रजाती मोजल्या तर पतंग फुलपाखरांच्या कितीतरी पट. आपल्या देशातच दहा हजारांच्या वर.

अनंताच्या झाडाशी सकाळी किंवा तिन्हीसांजेला उभे राहा. भुंग्यासारखा घोंघावत, एका जागी तरंगत मध पिणारा, काचेसारख्या पंखांचा जीव दिसला तर तो कॉफी बी हॉकमॉथ. कोषातून येतो तेव्हा त्याच्या पंखांवर खवले असतात, पहिल्या उड्डाणात ते झडून जातात. खुळखुळ्याच्या शेंगांवर पांढऱ्या पंखांवर काळे-तांबडे ठिपके असलेला युटेथेसा दिवसाढवळ्या फिरतो. गांधीलमाशीचं सोंग घेतलेला, काळ्या अंगावर पिवळे पट्टे बांधलेला अमाटा गवतात सापडतो.

पानं झडलेली असतात हा वसंताचा मोठा फायदा. बाभळीच्या फांद्यांवर काड्या जुळवून केलेल्या बोटाएवढ्या थैल्या लटकताना दिसतील; त्यात एक अळी घर करून असते. तिची मादी पंखाविना जन्मते आणि त्या थैलीतच आयुष्य काढते. विदर्भातल्या वाचकांनी ऐन आणि अर्जुनाच्या उघड्या फांद्या पाहाव्यात. टसर रेशमाचा कोष, तिकडच्या बोलीत कोसा, देठासारख्या कडक कडीने फांदीला अडकवलेला असतो. आतला जीव सगळा उन्हाळा निजतो आणि पावसाच्या चाहुलीने बाहेर येतो. बाहेर आलेल्या पतंगाला खाण्याजोगं तोंडच नसतं. अळीपणी साठवलेल्या शिदोरीवर तो उरलेले थोडे दिवस काढतो.

केसाळ सुरवंट मात्र हाताने उचलू नका. त्यांचे केस त्वचेत रुततात. लागलेच तर न चोळता चिकटपट्टी लावून ओढून काढा, मग साबणाने धुवा.

पतंग: रात्री, चादर लावून

गच्ची, अंगण किंवा शेतातलं घर चालेल. जंगल खात्याच्या हद्दीत रात्री थांबायचं असेल तर आधी परवानगी काढावी लागते.

दोन काठ्यांमध्ये किंवा भिंतीवर पांढरी सुती चादर ताणून बांधा. तिचा खालचा पदर जमिनीवर दोन फूट पसरू द्या, कारण बरेच पतंग तिथेच उतरतात. चादरीसमोर हातभर अंतरावर दिवा. साधा पांढरा बल्बही चालतो, पण अतिनील प्रकाशाचा दिवा असला तर गर्दी वाढते. असा दिवा असेल तेव्हा त्याच्याकडे टक लावून पाहू नका आणि चष्मा लावा. आसपासचे इतर दिवे बंद करा. अमावास्येच्या आजूबाजूची, वारा नसलेली, दमट रात्र निवडा. आठ ते अकरा या वेळात पहिली भरती येते, झोपमोड चालत असेल तर पहाटे तीननंतर वेगळी मंडळी येतात.

कवितेतला पतंग ज्योतीवर प्राण ओवाळतो. प्रत्यक्षात तो बिचारा वाट चुकलेला असतो. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात वेगवान कॅमेऱ्यांनी दाखवून दिलं की उडणारे कीटक पाठ प्रकाशाकडे ठेवू पाहतात. रात्री आकाश वर असतं, म्हणून ही युक्ती त्यांना सरळ ठेवते. दिवा बाजूला आला की ते त्याच्याभोवती वळतच राहतात. हे कळल्यापासून मी दिवा अकरानंतर ठेवत नाही. थकलेला पतंग तिथेच बसून राहतो आणि पहाटे बुलबुल, दयाळ, कोतवाल चादरीवर न्याहारीला येतात. म्हणून दिवा मालवल्यावर चादर हलक्या हाताने झुडपात झटका, आणि पालींवर नजर ठेवा.

मार्चमध्ये चादरीवर दहा-पंधरा पतंग आले तर निराश होऊ नका. गवताच्या रंगाचे छोटे पतंग, पंख जमिनीला चिकटवून बसणारे भूमापक (अंगाची कमान करत चालणाऱ्या) अळ्यांचे पतंग, एखादा विमानासारखा हॉकमॉथ. कण्हेर, तगर किंवा सदाफुली जवळ असेल तर हिरव्या संगमरवरासारखा ओलिअँडर हॉकमॉथ येण्याची आशा ठेवावी. दिव्याकडे न येणाऱ्यांसाठी पिकलेलं केळं आणि गूळ आंबवून झाडाच्या सालीवर ब्रशने लावा आणि तासाभराने मंद बॅटरीने पाहा. सालीवर मिळणारे पतंग चादरीवरच्यांपेक्षा बरेचदा वेगळे असतात.

वहीत काय लिहायचं

तारीख, वेळ, ठिकाण, ऊन-ढग-वारा, कोणतं फुलपाखरू, किती, आणि काय करत होतं. शेवटची गोष्ट बहुतेक जण गाळतात, आणि तीच सगळ्यात मोलाची. ‘एमिग्रंट, १४’ यापेक्षा ‘एमिग्रंट १४, पैकी ३ माद्या बहाव्याच्या पालवीवर अंडी घालताना’ ही नोंद दहा वर्षांनीही उपयोगी पडेल. एकही दिसलं नाही तर शून्य लिहा. नाव माहीत नसेल तर ‘तपकिरी, लहान, करंजाच्या पानाखाली’ एवढंही चालतं. फोटो आयनॅचरलिस्ट किंवा इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल या संकेतस्थळांवर चढवले तर जाणकार ओळख पटवायला मदत करतात आणि नोंद इतरांच्या कामी येते.

फुलपाखरं पकडू नका, टाचू नका. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या अनुसूचींत अनेक फुलपाखरं आहेत, आणि नमुने गोळा करणं गुन्हा ठरू शकतं. अळी घरी वाढवायचीच असेल तर कुंडीवरचीच, कुंडीवरच वाढू द्यावी.

आणि वणवा. फेब्रुवारी-मार्चमध्ये टेकड्यांवरचं वाळलं गवत पेटवलं जातं. पुढचं गवत चांगलं येतं या समजुतीने, कधी नुसती विडी फेकल्यानेही. त्या गवताच्या बुडाशी, पाचोळ्यात, खोडांच्या फटींत पावसाची वाट पाहणारे कोष असतात. दोन वर्षांपूर्वी माझ्या फेरीचा अर्धा भाग असा जळाला. त्या वर्षी पहिल्या पावसानंतर जळलेल्या बाजूला मी सलग तीन आठवडे शून्य लिहिलं. तुमच्या टेकडीवर जाळपट्टे काढणारे, आग विझवायला धावणारे लोक असतील तर त्यांचा फोन नंबर वहीच्या पहिल्याच पानावर लिहून ठेवा.

एप्रिलच्या अखेरीस किंवा मे महिन्यात वळवाची पहिली मोठी सर येते. त्या रात्री चादर लावायची घाई नको. वाऱ्यापावसात काही येत नाही. दुसऱ्या रात्री हवा दमट, उबदार आणि शांत असेल तेव्हा दिवा लावा. मार्चमध्ये पंधरा मोजले होते त्या चादरीवर पांढरा कपडा दिसेनासा होतो, आणि वहीची दोन पानं आधीच मोकळी ठेवलेली बरी.